शेंड्यावरचे फुलटोचे

उष्ण कटिबंधातील अरण्याचा अभ्यास करणारे त्याचे उभे थर कल्पितात. सर्वांत खाली जमिनीवरचा पालापाचोळा, त्यावर झुडपे आणि रोपे, मग सावलीत वाढणारी मध्यम उंचीची झाडे आणि सर्वांत वर मोठ्या वृक्षांचे एकमेकांना भिडलेले माथे. या वरच्या थराला वनछत्र म्हणतात. अरण्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशाचा बहुतांश भाग वनछत्रातच शोषला जातो आणि त्यामुळे कोवळी पालवी, फुले, फळे आणि त्यांवर जगणारे कीटक यांची सर्वाधिक रेलचेल तेथेच असते. माणसाला मात्र अरण्याचा हाच भाग सर्वांत कमी ठाऊक आहे, कारण तीस-चाळीस मीटर उंचीवरच्या पानांआड हालणारा अंगठ्याएवढा पक्षी जमिनीवरून पाहणे म्हणजे बहुधा त्याचा आवाज ऐकणे आणि पोटाखालची एक अस्पष्ट आकृती पाहणे एवढेच असते. आशियाच्या उष्ण प्रदेशातील वनछत्रात राहणाऱ्या अशा पक्ष्यांमध्ये फुलटोच्यांचे कुल आकाराने अगदी लहान आणि अरण्याच्या घडणीतील वाट्याने फार मोठे आहे.

पक्षिशास्त्रात या कुलाला डायसिडी असे नाव असून त्यात प्रायोनोकायलस आणि डायसियम या दोन प्रजाती आणि सुमारे पन्नास जाती येतात. (जीवशास्त्राच्या मराठी परिभाषेत जवळच्या जातींचा गट म्हणजे प्रजाती आणि जवळच्या प्रजातींचा गट म्हणजे कुल.) भारतापासून आग्नेय आशिया, फिलिपिन्स, इंडोनेशिया, न्यू गिनी आणि ऑस्ट्रेलियापर्यंत, पूर्वेकडे सॉलोमन बेटांपर्यंत ते पसरलेले आहेत. फिलिपिन्सच्या बेटांवर त्यांची विविधता विशेष दिसते, कारण अनेक बेटांवर स्वतंत्र जाती घडल्या आहेत. एकेकाळी ऑस्ट्रेलियातील पार्डेलोट आणि न्यू गिनीतील काही फळखाऊ पक्षीही याच कुलात घातले जात होते, परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डीएनएच्या तुलनेतून ते दूरचे असल्याचे स्पष्ट झाले आणि फुलटोच्यांचे खरे सख्खे म्हणजे शिंजीर, अर्थात सूर्यपक्षी, हे पक्के झाले. दोन्ही कुले फुलांपाशी जातात, पण शिंजीर लांब, वाकड्या चोचीने मधाच्या मागे लागला, तर फुलटोच्याने चोच आखूड ठेवून फळांची वाट धरली. पुढे ज्या नात्याचे वर्णन येणार आहे त्याचे मूळ या फळांच्या वाटेत आहे.

भारतात फुलटोच्यांच्या नऊ-दहा जाती आहेत. हिमालयात, ईशान्येत आणि आग्नेय आशियात आढळणाऱ्या काही जातींचे नर डोळ्यांत भरणारे असतात: एकाच्या पाठीवर माथ्यापासून शेपटीपर्यंत लालभडक पट्टा असतो, तर दुसऱ्याच्या छातीवर ज्वालेसारखा लाल डाग. दक्षिण भारतातील जातींच्या वाट्याला असे रंग आलेले नाहीत. महाराष्ट्रात सर्वत्र आढळणारा टिकेलचा फुलटोच्या वरून राखट तपकिरी आणि खालून मळकट पांढरा असतो, लांबीला जेमतेम आठ सेंटिमीटर आणि वजनाला पाच-सहा ग्रॅमच्या आसपास. भारतातील सर्वांत लहान पक्ष्यांमध्ये त्याची गणना होते. त्याची ओळख पटते ती फिकट गुलाबी, मांसल रंगाच्या चोचीवरून आणि उडताना, बसताना, खाताना अखंड चालू असलेल्या कोरड्या 'चिक् चिक् चिक्' आवाजावरून. दुसरी जात जाड चोचीच्या फुलटोच्याची. त्याच्या छातीवर पुसट रेघा असतात, चोच नावाप्रमाणे भरदार असते आणि बसल्या जागी शेपटी डावीकडे-उजवीकडे हलवण्याची त्याची सवय दुरूनही ओळखू येते. तिसरी जात निलगिरी फुलटोच्याची. तो पश्चिम घाटाच्या ओल्या जंगलांचा रहिवासी असून आंबोली-गोव्यापासून दक्षिणेकडे अधिक दिसतो. त्याची चोच काळपट असते आणि डोळ्यावर फिकट भुवई. थॉमस जेर्डन यांनी १८४० साली त्याचे वर्णन केले. पुढे बराच काळ तो ईशान्य भारत आणि अंदमान येथील फुलटोच्यांसह एकाच जातीत मोजला जात होता, तो अलीकडे पुन्हा स्वतंत्र मानला जाऊ लागला.

वनछत्रातला पक्षी पुण्याच्या किंवा ठाण्याच्या सोसायटीच्या आवारात कसा काय दिसतो, हा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. फुलटोच्याला उंची हवी असते यापेक्षा ऊन खाणारी पालवी, बारीक डहाळ्या आणि वर्षभर आळीपाळीने पिकणारी लहान फळे हवी असतात, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. अखंड अरण्यात या तिन्ही गोष्टी माथ्यावरच मिळतात, म्हणून तेथे तो माथ्यावर राहतो. जंगलाची कड, आमराई, रस्त्याकडेची झाडे आणि बाग येथे मात्र ऊन जमिनीजवळपर्यंत उतरते आणि त्याच्याबरोबर फुलटोच्याही खाली उतरतो. मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील सिंगापूर चेरीचे झाड शहरांतून लावले गेले, तेव्हा त्याची बारीक बियांची गोड लाल फळे टिकेलच्या फुलटोच्याने तत्काळ आपलीशी केली. आज शहरात हा पक्षी पाहायचा असेल तर या झाडाखाली थांबणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे. तथापि या पक्ष्याचे खरे जीवन ज्या वनस्पतीशी बांधलेले आहे ती परदेशी नाही आणि कोणी हौसेने लावलेलीही नाही. ती वनस्पती म्हणजे बांडगूळ.

बांडगुळाला वनस्पतिशास्त्रात अर्धपरजीवी म्हणतात. त्याची पाने हिरवी असतात आणि सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने ते स्वतःचे अन्न पुष्कळसे स्वतःच तयार करते. त्याला जमिनीत मुळे मात्र नसतात. दुसऱ्या झाडाच्या फांदीत ते चूषकमूळ शिरवते, म्हणजे साल आणि लाकूड भेदून आतल्या जलवाहिन्यांना जाऊन भिडणारा एक अवयव, आणि त्यातून पाणी व खनिजे ओढून घेते. महाराष्ट्रात सर्वाधिक आढळणारे बांडगूळ डेंड्रॉफ्थी फाल्काटा या जातीचे आहे. आंबा, मोह, साग, शिरीष, चिकू यांसह शेकडो प्रकारच्या झाडांवर ते वाढू शकते. कोकणातील आंब्या-काजूवर हेलिकँथिस नावाचे आणखी एक बांडगूळ दिसते. जमिनीवर पडलेले बांडगुळाचे बी मरते. ते जगण्यासाठी जिवंत झाडाच्या फांदीवर, तीही बहुधा बारीक आणि कोवळ्या सालीच्या फांदीवर, उंचावर आणि उन्हात पोहोचले पाहिजे. वारा हे काम करू शकत नाही, कारण बी जड आणि चिकट असते. गुरुत्वाकर्षण तर उलट्या दिशेने काम करते. हे काम फुलटोच्या करतो, आणि त्यासाठी त्याचे सारे शरीर घडलेले आहे.

प्रथम त्याच्या पोटाचा विचार करावा लागतो. बहुतेक पक्ष्यांत गिळलेले अन्न ग्रंथिल जठरातून, म्हणजे पाचक रस सोडणाऱ्या भागातून, पेषणीत जाते. पेषणी हा जाड स्नायूंचा, अन्न भरडणारा अवयव आहे आणि दाणे किंवा कीटकांची कठीण कवचे तेथे चुरली जातात. बांडगुळाचे बी पेषणीत भरडले गेले तर ते नष्ट होईल. बांडगुळावर विशेषत्वाने जगणाऱ्या फुलटोच्यांमध्ये पेषणी अन्नमार्गाच्या सरळ रेषेत नसून एका बाजूला पिशवीसारखी लागलेली असते. कीटक किंवा कोळी गिळला की तो पेषणीत वळवला जातो, परंतु बांडगुळाचे फळ मात्र जठरातून थेट आतड्यात उतरते. आतडे आखूड असते, फळाचा गर भराभर शोषला जातो आणि बी काही मिनिटांत, फार तर अर्ध्या तासाच्या आत, बाहेर पडते. एकाच पक्ष्याच्या पोटात दोन प्रकारच्या अन्नाला दोन वाटा असणे ही पक्षिजगतात दुर्मीळ गोष्ट आहे आणि १९३० च्या दशकापासून शरीरशास्त्रज्ञ तिचा अभ्यास करत आले आहेत. याशिवाय चोचीच्या टोकाकडच्या कडा बारीक दातेरी असतात, त्यामुळे निसरडे फळ निसटत नाही, आणि जिभेचे टोक चिरलेले व कडांनी वळलेले असते, त्यामुळे मधही चाटता येतो. फळ, मध आणि कीटक ही तिन्ही अन्ने साधणारी अवजारे या पाच-सहा ग्रॅमच्या देहात एकत्र आली आहेत.

बांडगुळाचे फूल आणि फुलटोच्या यांचे नाते फळाइतकेच विलक्षण आहे, आणि त्याच्या अभ्यासाचा काही भाग कोकणच्या भूमीवर घडला आहे. मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात १८९९ साली जी. एम. रायन यांनी तेव्हाच्या दक्षिण ठाणे भागात बांडगूळ कसे फैलावते याविषयी लिहिले होते. त्यानंतर तीन दशकांनी, बर्लिनहून शिकून परतलेले सलीम अली नोकरीअभावी अलिबागजवळच्या किहीम येथे मुक्काम करून होते. सुगरण पक्ष्याच्या घरट्यांवरचा त्यांचा गाजलेला अभ्यास याच काळातला, आणि १९३१ साली त्याच नियतकालिकात कोकणातील बांडगुळाच्या प्रसारात शिंजीर आणि फुलटोचे यांचा वाटा सांगणारा त्यांचा लेखही याच काळातला. सुगरणीवरचा अभ्यास पुढे सर्वांना ठाऊक झाला, तर बांडगुळावरचा लेख अभ्यासकांच्या वर्तुळातच राहिला. वास्तविक पक्षी आणि वनस्पती यांच्या देवाणघेवाणीचा विचार भारतात रुजवणाऱ्या लेखनात त्याला मानाचे स्थान दिले पाहिजे. पुढच्याच वर्षी सलीम अली यांनी फुलांकडे जाणारे पक्षी आणि पक्ष्यांवर विसंबलेली फुले यांविषयी अधिक विस्तृत लेख लिहून हा विषय पुढे नेला.

डेंड्रॉफ्थीचे फूल जवळून पाहिले तर ही देवाणघेवाण स्पष्ट दिसते. फुले पानांच्या बगलेत झुपक्यांनी येतात. प्रत्येक फूल म्हणजे काही सेंटिमीटर लांबीची, किंचित वाकलेली, नारिंगी-लाल नळी असते आणि तिचे हिरवट टोक मिटलेले असते. कळी पक्व झाली की तिच्या आत ताण साठतो, परंतु टोक मिटलेलेच राहते. फुलटोच्या किंवा शिंजीर येतो, कळीचे टोक चोचीत धरून हलकेच दाबतो आणि त्या क्षणी पाकळ्या फटकन मागे वळतात, परागकोश मोकळे होतात आणि परागकण पक्ष्याच्या कपाळावर व चोचीच्या बुडाशी उडतात. पक्षी तळाशी साठलेला मध घेतो आणि पुढच्या कळीकडे वळतो. तेथे त्याचे कपाळ दुसऱ्या फुलाच्या कुक्षीला, म्हणजे पराग स्वीकारणाऱ्या टोकाला, घासते आणि परागण पूर्ण होते. एकदा उघडलेल्या फुलात मध फारसा उरत नसल्याने पक्षी मिटलेल्या पक्व कळ्याच शोधत राहतो, म्हणजे ज्या फुलांचे परागण व्हायचे आहे नेमक्या त्यांच्याकडेच तो जातो. निलगिरीच्या परिसरात डॉ. प्रिया दविदार यांनी १९८० च्या दशकात केलेल्या अभ्यासातून या व्यवहाराची आणखी एक बाजू पुढे आली. फुलटोच्यांवर विसंबून असलेल्या काही बांडगुळांची न उमललेली कळी आणि पिकलेले फळ ही आकाराने व रंगाने एकमेकांशी बरीच मिळतीजुळती असतात. परागणासाठी आणि बीजप्रसारासाठी एकच पक्षी बोलवायचा असेल तर दोन्ही वेळी एकसारखाच संकेत देणे वनस्पतीच्या दृष्टीने फायद्याचे ठरते.

फळ पिकण्याच्या काळात टिकेलचा फुलटोच्या बांडगुळाचा झुडपासारखा गुच्छ सहसा सोडत नाही. तो गुलाबी पिकलेले फळ तोडतो, चोचीत दाबून सालीतून सोडवतो किंवा तसेच गिळतो, लागोपाठ काही फळे पोटात जातात आणि मग तो जवळच्याच फांदीवर स्वस्थ बसतो. प्रत्येक फळात एकच बी असते आणि त्याभोवती चिकट द्रव्याचा थर असतो. हा थर पचत नाही. त्यामुळे बी बाहेर पडताना ते खाली न पडता पक्ष्याच्या पार्श्वभागालाच चिकटते, कधी दोन-तीन बिया चिकट धाग्याने एकमेकींना जोडून लोंबतात. त्या सोडवण्यासाठी पक्षी अंग खाली करून, वळून, फांदीवर घासतो, आणि या घासण्यातच बी फांदीच्या सालीवर पक्के बसते. चिकट थर काही वेळात वाळतो आणि मग पाऊस आला तरी बी सुटत नाही. बांडगुळाच्या बीला नेहमीसारखे कठीण बीजावरण नसते, त्यामुळे त्याला रुजायला विलंब लागत नाही. थोड्याच दिवसांत हिरवा अंकुर बाहेर येतो, प्रकाशाकडे न वळता अंधाऱ्या सालीकडे वाकतो, टोकाशी चकतीसारखा पसरून सालीला चिकटतो आणि त्या चकतीच्या मधून चूषकमूळ आत शिरते. बहुतेक अंकुर या टप्प्यावरच मरतात: फांदी जाड असते, साल टणक असते, किंवा झाड त्या जातीच्या बांडगुळाला दाद देत नाही. जे टिकतात ते बहुधा पक्ष्याच्या बसण्याच्या सवयीमुळे टिकतात, कारण हलका फुलटोच्या बसतो तो बारीक डहाळ्यांवर आणि बीला हवी असलेली जागाही तीच असते.

येथे जाड चोचीच्या फुलटोच्याचा उल्लेख अपरिहार्य आहे, कारण एकाच कुलातील सर्व पक्षी बांडगुळाची सारखीच सेवा करतात अशी समजूत होऊ नये. हा पक्षी फळ अख्खे गिळत नाही. तो ते चोचीत फिरवत गर खरवडून घेतो आणि उरलेले चिकट बी चोच फांदीवर पुसून तेथेच टाकतो. बी त्यामुळे बहुतेक वेळा त्याच झाडावर, पुष्कळदा त्याच बांडगुळाशेजारी राहते. नव्या झाडावर, नव्या रानात बांडगूळ पोहोचवण्याचे काम प्रामुख्याने गिळणाऱ्या फुलटोच्याचेच आहे. जाड चोचीचा फुलटोच्या वड, पिंपळ, उंबर यांच्या फळांवरही मोठ्या प्रमाणात जगतो, आणि बांडगूळ नसलेल्या रानातही तो दिसतो याचे कारण हेच असावे.

या पक्ष्यांची घरटीही शेंड्याकडच्या जीवनाला साजेशी आहेत. कापसासारखे मऊ तंतू, बारीक धागे आणि कोळिष्टके एकत्र दाबून टिकेलचा फुलटोच्या डहाळीला लोंबणारे बटव्यासारखे घरटे करतो. त्याचे तोंड वरच्या बाजूला, बाजूने उघडणाऱ्या चिरेसारखे असते. तांबूस तपकिरी रंगामुळे ते एखाद्या सुकलेल्या पानाप्रमाणे पालवीत लपून जाते. नर आणि मादी दोघेही घरटे बांधण्यापासून पिलांना भरवण्यापर्यंत सर्व कामे वाटून घेतात. अंडी सहसा दोन, कधी तीन, आणि पांढरी असतात. जाड चोचीच्या फुलटोच्याची अंडी मात्र गुलाबीसर असून त्यांवर विटकरी ठिपके असतात.

बांडगूळ एका झाडावर आले की त्याच झाडावर वाढत जाते, ही प्रत्येक बागायतदाराने पाहिलेली गोष्ट आहे, आणि तिचे कारण पक्ष्याच्या वागण्यात सापडते. फुलटोच्या जेथे फळे असतात तेथेच सर्वाधिक वेळ घालवतो, म्हणून त्याने टाकलेल्या बिया आधीच बांडगूळ असलेल्या झाडावर सर्वाधिक पडतात. काही वर्षांत बांडगुळांनी लगडलेले एक आंब्याचे झाड आणि शेजारी अजिबात बांडगूळ नसलेले दुसरे असे दृश्य दिसू लागते. बाधित फांदीचा बांडगुळापलीकडचा भाग पाणी व खनिजे कमी मिळाल्याने खुरटतो, मोहोर कमी येतो आणि दुष्काळी वर्षात फांदी वाळूनही जाते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील हापूसच्या बागायतदाराचा बांडगुळावरचा राग म्हणूनच समजण्याजोगा आहे आणि त्याला निसर्गप्रेमाच्या नावाखाली कोणी नाके मुरडू नयेत. कृषी तज्ज्ञांचा सल्लाही स्पष्ट आहे: बांडगूळ फळे धरण्यापूर्वीच काढावे, आणि केवळ त्याचा हिरवा पाला न ओरबाडता चूषकमूळ ज्या फांदीत शिरले आहे ती फांदी त्या जागेच्या बरीच खालून कापावी, कारण लाकडात उरलेल्या तुकड्यातून ते पुन्हा फुटते. 'फळे धरण्यापूर्वी' हे शब्द महत्त्वाचे आहेत. फळे लागल्यावर छाटणी केली तर तोपर्यंत फुलटोच्याने बिया पुढच्या झाडांवर नेलेल्या असतात आणि मजुरी वाया जाते.

बागेत योग्य असलेला हा न्याय रानालाही लावला जातो, आणि येथे मात्र थांबून विचार करावा लागतो. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात डेव्हिड वॉटसन आणि मॅथ्यू हेरिंग यांनी केलेला प्रयोग या संदर्भात निर्णायक मानला जातो. त्यांनी विरळ वनांच्या १७ तुकड्यांमधून सर्व बांडगूळ काढून टाकले, ११ तुकड्यांमध्ये ते तसेच ठेवले आणि मुळात बांडगूळ नसलेल्या तुकड्यांशीही तुलना केली. तीन वर्षांनंतर बांडगूळ काढलेल्या रानांतून पक्ष्यांच्या एकूण जातींपैकी सरासरी सुमारे २१ टक्के जाती नाहीशा झाल्या होत्या. तेथेच कायम राहणाऱ्या, वनावर अवलंबून असलेल्या जातींची घट तर जवळजवळ ३५ टक्के होती. २०१२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा सर्वांत अनपेक्षित ठरली ती नाहीशा झालेल्या पक्ष्यांची यादी, कारण त्यांत बांडगुळाची फळे कधीही न खाणारे, जमिनीवर कीटक टिपणारे पक्षी मोठ्या संख्येने होते. याचे स्पष्टीकरण पानगळीत आहे. सामान्य झाड पान गाळण्यापूर्वी त्यातील पोषकद्रव्ये परत ओढून घेते. बांडगुळाला यजमानाकडून पाणी व खनिजे सतत मिळत असल्याने ते तेवढी काटकसर करत नाही आणि त्याची पाने पोषकद्रव्यांसह खाली पडतात. त्या पाल्यावर जमिनीतील कीटक पोसले जातात आणि कीटकांवर पक्षी. शेंड्यावर फुलटोच्याने चिकटवलेले बी अशा रीतीने झाडाखालच्या मातीपर्यंत जाऊन पोहोचते.

ऑस्ट्रेलियाचे विरळ वन आणि सह्याद्रीचे अरण्य एकसारखे नाही, त्यामुळे तेथील टक्केवारी येथे जशीच्या तशी लागू करता येणार नाही. तरी महाराष्ट्रातही बांडगुळावर जगणाऱ्यांची यादी लहान नाही. पांढरे, पिवळे आणि लाल रंग अंगावर वागवणारे हळदीकुंकू हे फुलपाखरू घराघरांतल्या बागेत येते. त्याच्या अळ्या बांडगुळाच्या पानांवरच वाढतात. बांडगूळ नाहीसे झाले तर हे फुलपाखरू फुलांची कितीही झाडे लावली तरी टिकणार नाही. शिंजिरांना बांडगुळाच्या फुलांतून मध मिळतो आणि फुलटोच्यांचे तर पोटच त्यासाठी घडले आहे. जीवशास्त्रात ज्या एका जातीवर तिच्या संख्येच्या मानाने अनेकांचे अस्तित्व अवलंबून असते तिला कळीची जात म्हणतात. बांडगुळाला हे स्थान देण्याची सूचना वॉटसन यांनी २००१ सालीच केली होती.

वनछत्रातील या पक्ष्यांची माहिती अजूनही किती अपुरी आहे हे बोर्नियो बेटावरील एका घटनेतून दिसते. मलेशियाच्या सबा राज्यातील डॅनम व्हॅली येथे २००९ साली, वनछत्राच्या उंचीवर बांधलेल्या पुलावरून पक्षी पाहणाऱ्यांना बांडगुळाची फळे खाणारा एक अनोळखी फुलटोच्या दिसला. करडे अंग, डोळ्याभोवती तुटक पांढरे कडे, गळ्यापासून पोटापर्यंत पांढरा पट्टा. छायाचित्रे उपलब्ध होती, परंतु नमुना हाती नसल्याने त्याला शास्त्रीय नाव देता आले नाही. दहा वर्षांनंतर, २०१९ मध्ये, सारवाक राज्यातील लांजाक एन्टिमाऊ अभयारण्यात नमुना मिळाला आणि बोर्नियोच्या दायक आदिवासींच्या सन्मानार्थ त्याला डायसियम दायकोरम हे नाव मिळाले. पक्षिनिरीक्षकांची वर्दळ असलेल्या जंगलात, एकविसाव्या शतकातही एक पक्षी नावाविना राहिला, आणि अखेर तो दिसला तोही जमिनीवरून नव्हे, फळांनी भरलेल्या बांडगुळासमोर उभे राहून. फिलिपिन्सच्या सेबू बेटाची कथा याहून दुःखद आहे. तेथील बहुतेक अरण्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत तोडले गेले होते आणि चार रंगांनी नटलेला सेबू फुलटोच्या नष्ट झाला असे धरून चालले होते. १९९२ साली चुनखडीच्या डोंगरावरील अरण्याच्या एका छोट्या तुकड्यात तो पुन्हा सापडला. जगात आज त्याची संख्या फारच थोडी असून आंतरराष्ट्रीय यादीत तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. टिकेलचा फुलटोच्या शहरात येऊन तगला म्हणून त्याचे सर्व भाऊबंद तगतील असे मानणे किती धोक्याचे आहे, हे सेबूने दाखवले आहे.

महाराष्ट्रापुरता विचार केला तर करण्याजोग्या गोष्टी साध्या आहेत. आमराईत, चिकूच्या बागेत बांडगूळ वेळीच आणि नीट कापले जावे. त्यात पक्ष्याचा द्वेष नाही आणि पक्ष्याचे त्यातून फारसे नुकसानही होत नाही, कारण त्याला इतर झाडे असतात. परंतु ती इतर झाडे राहिली पाहिजेत. देवराईतील जुना मोह, रस्त्याकडेचा शिरीष, गावाबाहेरच्या पडीक जागेतले आंबे, वनखात्याच्या ताब्यातील मिश्र जंगल येथील बांडगूळ केवळ ते बांडगूळ आहे म्हणून कापण्याचे कारण नाही. 'वृक्ष वाचवा' मोहिमांमध्ये स्वयंसेवकांकडून रस्त्याकडेच्या झाडांवरची सर्व बांडगुळे एका सकाळी उतरवली जातात तेव्हा हेतू चांगला असतो, पण झाड खरोखर अशक्त झाले आहे का हे कोणी पाहिलेले नसते. पूर्ण वाढलेले, निरोगी झाड एक-दोन बांडगुळे अनेक वर्षे सहज पेलते. अशी मोहीम आखणाऱ्यांनी आधी वनस्पतिशास्त्र जाणणाऱ्या कोणाचे तरी मत घ्यावे आणि कापायचेच असेल तर अतिबाधित झाडांपुरते कापावे. पक्षिनिरीक्षकांनीही आपल्या नोंदवहीत फुलटोच्याच्या नावासमोर एक टिक करून पुढे जाण्याऐवजी, तो कोणत्या झाडावरच्या कोणत्या बांडगुळावर आला, ते फुलात होते की फळात, आणि महिना कोणता होता, एवढे लिहून ठेवावे. कोकण, देश आणि विदर्भ येथील बांडगुळे केव्हा फुलतात आणि केव्हा फळतात यांच्या एकत्र नोंदी हाती आल्या, तर बागायतदाराला छाटणीची योग्य वेळ ठरवता येईल आणि फुलटोच्याच्या वर्षभराच्या आहाराचा हिशोबही लागेल.